चालण्यापुरती जागा

आईला चालायला जागा हवी होती. क्लबहाउस नको, पोहण्याचा तलाव नको, दोन-दोन बाल्कन्या नकोत. दाराबाहेर पडलं की पाय टेकायला रस्ता असावा आणि त्या रस्त्यावर चार ओळखीची तोंडं दिसावीत, एवढंच तिचं म्हणणं होतं. एवढ्या मागणीसाठी आपल्याच शहरात आपल्याला दारोदार हात जोडावे लागतील असं मला कोणी आधी सांगितलं असतं, तर मी हसले असते.

आम्ही दोघीच. वडील गेल्यावर जुन्या शहरातलं भाड्याचं घर सोडलं आणि मी आईला माझ्याकडे घेऊन आले. तेव्हा मी बायपासजवळच्या एका टाउनशिपमध्ये आठव्या मजल्यावर भाड्याने राहत होते. विजय नगरच्या ऑफिसात जायला तिथून सोपं पडायचं. आई जन्मभर शाळेत शिकवत आलेली, आणि शाळेत पायीच जाणारी. जुन्या इंदुरात तेव्हा गाडी लागायचीच नाही. माझ्याकडे आली त्याच वर्षी तिचा उजवा हात हलायला लागला, पावलं लहान पडायला लागली. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला. औषधं लिहून दिली आणि मला म्हणाले, "अर्धं औषध गोळीत आहे, अर्धं चालण्यात. थांबू देऊ नका यांना."

थांबू देऊ नका म्हणजे काय, तिथे चालायचं तरी कुठे? फाटकाबाहेर बायपासचा सर्व्हिस रोड, त्यावर ट्रक. फाटकाच्या आत सगळीकडे गाड्या. फूटपाथ म्हणून जे होतं त्यावर कुंड्या मांडलेल्या, आणि गाडी मागे येताना गार्ड शिट्टी मारायचा ती आईला बाजूला व्हायला सांगण्यासाठी, गाडीला थांबवण्यासाठी नाही. आई तळमजल्याच्या पार्किंगमध्ये खांबांभोवती फेऱ्या मारायची. एकदा वर येऊन म्हणाली, "देवळात प्रदक्षिणा घालतात ते कळतं. मी रोज कोणाच्या स्कॉर्पिओला घालतेय?"

त्याच आठवड्यात मी जुन्या शहरात घर शोधायला लागले. राजवाड्यापासून पायी जाता येईल असं कुठलंही घर. लिफ्ट नसली तरी चालेल, जिना आईला जमत होता.

घरं होती. पण घर बघायला आई सोबत आली की घरं नाहीशी व्हायची. एका दलालाने तिच्यासमोरच मला विचारलं, "मॅडम, आंटीजी के हाथ को क्या है? छूत का तो नहीं है न?" आई म्हणाली, "हाथ मिलाके देख लो भिया." त्याने हात मागे घेतला. एका बाईंनी आम्हाला चहा दिला, माहेर-सासर सगळं विचारलं, आणि आई उठून चालायला लागल्यावर एकाएकी त्यांना आठवलं की त्यांचा पुतण्या शिकायला येणार आहे, खोली त्यालाच द्यावी लागेल. नंतरच्या घरी भाचा निघाला. त्यानंतर आणखी एक पुतण्या. मला नकाराचा इतका राग आला नाही. राग यायचा तो त्या पुतण्यांचा. सरळ सांगा ना की आम्हाला थरथरणारं माणूस घरात नको.

शेवटी मिळालं ते घर मराठी माणसाचं होतं. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, तीन पिढ्या इंदुरात काढलेलं घराणं. खाली ते, त्यांची बायको आणि लग्नाची मुलगी. वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर आमचं. आईने बसल्या बसल्या स्वतःच आजार सांगून टाकला. ते म्हणाले, "अहो माई, वय झालं की कुछ ना कुछ तो चालूच राहतं. आपलंच घर समजा. मराठी माणसं मिळाली, मी तर टेंशन-फ्री झालो." मीही त्यांना काका म्हणायला लागले. त्या 'आपलंच' शब्दाने मला किती बरं वाटलं होतं ते आठवलं की आता माझ्याच अंगाचा तिळपापड होतो.

एक अडचण होती. आईचे पाय चालता चालता मध्येच जमिनीला चिकटतात. मोकळ्या रस्त्यावर नाही, जिन्यावर नाही. पण उंबरा आला, फाटक आलं, अरुंद वाट आली की मन पुढे जातं आणि पाय जागचे हलत नाहीत. या आजारात हे होतं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी उपाय सांगितला होता. जमिनीवर आडव्या रेघा असल्या की पाय त्या रेघा ओलांडायला म्हणून उचलला जातो. कसं होतं कोण जाणे, पण होतं. मी काकांना विचारून फाटकात पिवळ्या चिकटपट्टीच्या काही रेघा मारल्या. "लावा की, त्यात काय विचारायचं," ते म्हणाले.

आणि मग आई चालायला लागली. सकाळी गणपतीपर्यंत, मग वाचनालयात पेपर, येताना कोपऱ्यावरच्या फळवाल्याशी भांडण. समोरच्या मेडिकलवाल्याने तिच्यासाठी दुकानाबाहेर एक स्टूल कायमचं ठेवून दिलं. चक्कीवर जाऊन ती दळण कसं हवं ते स्वतः सांगून यायची. टाउनशिपमध्ये ती संध्याकाळी मला विचारायची, "आज बाहेर काय झालं?" आता तीच मला सांगायची. कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, वाचनालयातली कुठली खुर्ची मोडली, शेववाल्याचा मुलगा कोणत्या परीक्षेत दुसऱ्यांदा बसतोय. मी ऑफिसातून दमून यायचे आणि ती जेवताना बोलत सुटायची. हात तसाच हलत होता, पण वाटीतलं वरण सांडायचं कमी झालं होतं.

हिवाळा सरता सरता काकांच्या मुलीचं लग्न ठरलं. घरात गडबड सुरू झाली, आम्हालाही आनंद झाला. आईने मुलीसाठी साडी काढून ठेवली. एका संध्याकाळी मी ऑफिसातून येत असताना काकांनी ओसरीवर थांबवलं. काकूंनी चहा आणून ठेवला आणि त्या आत निघून गेल्या.

"ताई, एक छोटीशी रिक्वेस्ट होती," काका म्हणाले. "लग्न घरूनच करायचं आहे. दारात मांडव, पाहुणे सगळे इथेच उतरणार. तर तोपर्यंत माईंना कुठे ठेवता येईल का?"

मला खरंच कळलं नाही. "ठेवता म्हणजे?"

"म्हणजे आजकाल चांगले चांगले होम असतात. सिमरोलच्या बाजूला एक आहे म्हणतात, मोकळी हवा, नर्स वगैरे. लग्न झालं की आणा परत."

"पण का?"

"तुम्ही गैरसमज करू नका. मुलाकडचे लोक येतात-जातात. माई फाटकात अडकतात, हात असा... ते विचारतात ना, घरात कोण बीमार आहे. उद्या समजतील आमच्या खानदानातच आहे. आणि देव न करो, ऐन लग्नात काही झालं तर? सूतक, हे सगळं. शुभकार्य आहे ताई. तुम्ही तर समजदार आहात."

माणसांना ठेवतात का? सामान ठेवतात. उन्हाळ्यात रजया ठेवतात माळ्यावर. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं, आणि मी काय म्हणाले? "बघते." घर शोधताना पाहिलेले ते सगळे पुतणे-भाचे डोळ्यांपुढे उभे राहिले आणि मी "बघते" म्हणून, चहा तसाच ठेवून वर आले. त्या रात्री मला काकांचा आला त्यापेक्षा स्वतःचा राग जास्त आला.

आईला काही सांगितलं नाही. पण ज्या गल्लीत सगळे पायी फिरतात तिथे बातम्याही पायीच फिरतात. चार-पाच दिवसांनी फळवाल्याने तिला विचारलं, "माताजी, सुना है मकान खाली कर रहे हो?" आई संत्री न घेताच वर आली.

"माझ्याबद्दल बोलणं झालं," ती म्हणाली, "आणि मला सोडून सगळ्या गल्लीला ठाऊक?"

मी सगळं सांगितलं. सिमरोलचंही सांगितलं. ती ऐकत होती. सूतकापाशी आल्यावर तिला हसूच आलं. "भाडेकरणीचं सूतक घरमालकाला? या माणसाला कोणी काही शिकवलं नाही का?" मग हसणं थांबलं. "आणि मी काही त्यांच्या लग्नात मरणार नाहीये. मला इतकी घाई नाही."

ती खाली गेली. मी मागोमाग. काका फोनवर होते, त्यांनी फोन ठेवेपर्यंत ती उभी राहिली. म्हणाली, "मी कुठेही जाणार नाही. तुमच्या पाहुण्यांपुढे नाचायला मी येणार नाही, पण माझं फिरणं बंद होणार नाही. करारनाम्यावर अजून बरेच महिने आहेत." काकांनी हात जोडले. "माई, अहो माई, तुम्ही मनाला लावून घेतलं."

त्यानंतर कोणी काही बोललं नाही. फक्त जिन्याच्या पायऱ्यांवर कुंड्या आल्या. जिन्याचा कठडा रंगवायला म्हणून काढला तो परत बसवायला माणूस मिळेना. पाण्याची मोटर आम्ही भांडी लावून बसलो की बंद व्हायची आणि आम्ही निजल्यावर सुरू व्हायची. प्रत्येक वेळी मी खाली गेले की काकू म्हणायच्या, "अय्या, लक्षातच आलं नाही हो, लग्नघर आहे ना." सगळं हसतमुखाने चाललं होतं. ओरडून भांडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. या माणसांनी मला भांडायला जागाच ठेवली नव्हती. मी ऑफिसात बसून मनातल्या मनात भांडायचे आणि घरी येऊन कुंड्या सरकवायचे.

मग एक दिवस दुपारी मेडिकलवाल्याचा फोन आला. "दीदी, आ जाओ. माताजी ठीक हैं, पर आप आ जाओ."

विजय नगरहून रिक्षा करून पोहोचले तेव्हा आई त्या स्टुलावर बसली होती. मेडिकलवाल्याच्या बायकोने तिच्या अंगावर शाल पांघरली होती. ऊन चांगलं तापलेलं आणि ही शाल घेऊन बसलेली. मी फाटकाकडे पाहिलं. फरशी घासून लख्ख केलेली होती. पिवळ्या पट्ट्या नव्हत्या.

झालं होतं असं. आई वाचनालयातून परत आली, फाटकात पाऊल टाकायला गेली आणि पाय चिकटले. पट्ट्या नव्हत्या. मागे मांडवाचे बांबू घेऊन ट्रक आला, तो हॉर्न वाजवायला लागला. हॉर्न वाजला की हे पाय आणखीच घट्ट होतात. ड्रायव्हर ओरडत होता, "अरे माताजी, हटो ना!" काकू ओसरीवर उभ्या होत्या. त्यांनी आतून कोणाला तरी हाक मारली, पण स्वतः पुढे आल्या नाहीत. ज्यांनी रोज तिला नमस्कार केला होता ते लोक बघत होते. तिला धरून ओढायचं नसतं एवढं त्यांना माहीत होतं, काय करायचं ते माहीत नव्हतं. मेडिकलवाला दुकान सोडून आला आणि त्याने आपलं पाऊल तिच्या पावलापुढे आडवं ठेवलं, मी ठेवते तसं. त्याने मला तसं करताना पाहिलं असणार. त्या पावलावरून पाऊल टाकत ती बाजूला आली. पण तोवर फार उशीर झाला होता. तिची साडी ओली झाली होती.

मी तिला वर नेलं, कोरडे कपडे काढून दिले, आणि खाली आले. ओसरीवर बऱ्याच चपला होत्या. मुलाकडची मंडळी दिवाणखान्यात बसली होती. मी थांबले नाही.

"काका, फाटकातल्या पट्ट्या कोणी काढल्या?"

"ताई, नंतर बोलू. मेहमान बसलेत."

"मेहमानांसमोरच बोलू."

ते उठले. "पेंटरने काढल्या असतील. दिसायला बरं नव्हतं ना ते, जरा साफ-सफाई..."

साफसफाई! आमच्या शहराला स्वच्छतेचा केवढा अभिमान. रोज सकाळी कचऱ्याची गाडी गाणं म्हणत दारात येते, ओला वेगळा, सुका वेगळा. आणि माझी आई कुठल्या डब्यात?

हे मी मोठ्याने म्हणाले की मनात, ते मला आठवत नाही. बाकीचं आठवतं. मी म्हणाले, "माझी आई तुमच्या फाटकात ट्रकपुढे उभी होती. तिला हलता येत नव्हतं. तिची साडी ओली झाली भर रस्त्यात, आणि तुमची बायको ओसरीवरून बघत होती. तुम्हाला दिसायला बरं नव्हतं म्हणून." मग मी पाहुण्यांकडे वळले. "आणि तुम्हाला विचारायचं असेल तर मलाच विचारा. या घराण्यात कोणाला काही आजार नाही. माझ्या आईला पार्किन्सन आहे. आम्ही भाडेकरू आहोत. यांना ती लग्नापुरती सिमरोलच्या होममध्ये नेऊन ठेवलेली हवी होती."

एका बाईंनी कप बशीत ठेवला, त्याचा आवाज झाला. नवरी मुलगी आतल्या दारात आली, तिने बापाकडे पाहिलं आणि ती पुन्हा आत गेली. काकांचा चेहरा पडला होता. मला वाटलं होतं, तो चेहरा पाहून मला मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही. मला आणखी बोलायचं होतं.

वर आले तर आई खिडकीपाशी बसली होती. खिडकी दिवाणखान्याच्या बरोबर वर. तिने सगळं ऐकलं होतं.

"पट्ट्यांचं बोललीस, बरं केलंस," ती म्हणाली. "साडीचं कशाला सांगितलंस?"

"त्यांना कळायला नको काय केलंय त्यांनी?"

"राग तुझा. त्यात माझी ओली साडी कशाला वाळत घातलीस चारचौघांत?"

ती माझ्याशी दोन दिवस कामापुरतंच बोलली. तिचं बरोबर होतं. तरी सांगते, आज पुन्हा तशी वेळ आली तर मी साडीचंही सांगेन. काही माणसांना फरशीवरची पट्टी काढली एवढंच कळतं. त्यापुढचं ओरडून सांगावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नव्या पट्ट्या आणल्या आणि फाटकात बसून लावल्या. काका खिडकीतून बघत होते. त्या मग कोणी काढल्या नाहीत. लग्न लागलं, आणि चांगलं धूमधडाक्यात लागलं. माझ्या बोलण्याने त्यांचं काहीही अडलं नाही. दोन्हीकडची मंडळी भरजरी साड्या आणि शेरवान्या घालून त्या पिवळ्या रेघांवरून आली-गेली. आम्हाला पत्रिका आली होती, आम्ही गेलो नाही. आईने काढून ठेवलेली साडी मात्र मुलीला पाठवली. "तिने काय केलंय?" ती म्हणाली. संध्याकाळी लाडवांचा डबा वर आला. मी तो तसाच परत पाठवणार होते, तेवढ्यात आईने झाकण उघडून एक लाडू मोडला, चव घेतली आणि म्हणाली, "बुंदी कच्ची राहिलीय." मग उरलेला अर्धाही खाल्ला.

करार संपल्यावर काकांनी तो वाढवला नाही. मुलगी-जावई येऊन-जाऊन राहतील, म्हणाले. यावेळी घर आईने शोधलं. मी दलालांना फोन करत होते, तर ती एका सकाळी मेडिकलवाल्याकडून पत्ता घेऊन दोन गल्ल्यांपलीकडे एकटी जाऊन आली होती. तळमजला, मालकीणबाई गुजराती, एकट्या. मी संध्याकाळी बोलायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "आपकी मम्मी ने सब बता दिया. कहती हैं, हाथ हिलता है, पैर अटकते हैं, ज़ुबान चालू है, चलेगा क्या? मैंने कहा, मेरे तो घुटने ही नहीं हैं." तिथे आम्ही अजून राहतो.

रस्ते तेच आहेत. आईला वाचनालयात जायचं असेल तर त्या घरावरूनच जावं लागतं, आणि लांबच्या वाटेने जायला ती तयार नाही. काका ओसरीवर पेपर वाचत असतात. ती नमस्कार करते. मी करत नाही. ती मला म्हणते, "किती दिवस हे डोक्यात घेऊन फिरणार आहेस? जड होत नाही?" होतं. पण खाली ठेवावंसं वाटत नाही. आमच्यामागे ते घर भाड्याला लागलं तेव्हा बाहेरच्या पाटीवर 'छोटा परिवार' लिहिलं होतं. छोटा म्हणजे म्हातारं-आजारी माणूस नसलेला, ते मला कळतं. तशा पाट्या मी या शहरात आता जागोजागी वाचते.

मागच्या रविवारी आम्ही दोघी तिथून जात होतो. आई मधेच श्वास घ्यायला थांबली होती, काकांच्या कुंपणाला हात टेकून. काकांनी पेपर खाली केला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "ताई, माईंची तब्येत कशी आहे आता?"

"समोर उभी आहे," मी म्हणाले. "तिलाच विचारा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पण विचारलं नाही. आईने कुंपणावरचा हात काढला आणि ती चालायला लागली.